सातव्या प्रकरणातली बैलगाडी

आधी त्यांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. सुमतीबाई. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. आज मी थंडगार ऑफिसात खुर्चीवर बसते, गळ्यात ओळखपत्र असतं, सकाळी कंपनीची बस न्यायला येते — हे सगळं त्यांच्यामुळे. नववी नापास मुलीला शुद्धलेखन त्यांनी शिकवलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला त्यांनी बसवलं. आणि या नोकरीसाठी शिफारसपत्रही त्यांनीच लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं. ‘ही मुलगी दिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवते, हिच्या हातून एक अक्षर बदलत नाही.’

हे वाक्य मला पाठ आहे. का पाठ आहे, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादाला नाही, नवऱ्याला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हे एवढं सोडून बाकीचं बोलते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून. बसा थोडं. मी सरळ मुद्द्यावर येईन असं वाटत नाही — येताना चार ठिकाणी थांबेन.

मी भंडाऱ्याकडची. नववीला गणित आणि इंग्रजी गेलं, आणि घरात कुणी म्हटलं नाही की पुन्हा बस. दादा हडपसरला कारखान्यात लागला होता, बिबवेवाडीत खोली घेऊन राहत होता. त्याच्या जेवणाचे हाल होतात म्हणून आईनं मला त्याच्याकडे पाठवून दिलं. दोन वेळचा स्वयंपाक झाला की दिवस मोकळा. तेव्हा पुण्यात दर दोन इमारतींमागे एक कंप्युटर क्लास निघाला होता. आमच्या गल्लीतल्या क्लासमध्ये मी नाव घातलं. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सरांनी मला मराठी टायपिंगला बसवलं. माझ्यासोबतच्या मुली इंग्रजीत पुढे गेल्या, आणि मी काना, मात्रा, वेलांटी कुठल्या बटणावर आहे ते शिकत बसले. तेच पुढे कामाला आलं. सदाशिव पेठेत पाध्येकाकांच्या टायपिंगच्या दुकानात मला नोकरी मिळाली, कारण त्यांना मराठी टाइप करणारं माणूस मिळत नव्हतं.

पाध्येकाका वाईट नव्हते. बोलायला तेवढे तिखट. पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकांसमोर मी म्हटलं, “काका, प्रिंट काढून राहिली.” ते मान वर न करता म्हणाले, “राहून झालं की काढ.” दुकानातली चार माणसं हसली. तेव्हापासून मी दुकानात गरजेपुरतं बोलायचे. चूक झाली तर ती बोलण्यातून कळते, असं मला वाटायला लागलं होतं. गप्प राहिलं की चूक दिसत नाही. बघा, किती लवकर शिकले मी हे.

भिंतीवर काकांनी पाटी लावली होती: ‘पाने मोजून द्यावीत व मोजून घ्यावीत. नंतरची तक्रार ऐकली जाणार नाही.’ आणखी एक नियम होता, तो पाटीवर नव्हता. पाठकोरा कागद टाकायचा नाही. एका बाजूनं छापलेला, दुसऱ्या बाजूनं कोरा असा कागद प्रिंटरजवळच्या खोक्यात ठेवायचा, आणि कच्च्या प्रती त्याच्यावर काढायच्या. गिऱ्हाइकानं त्यावर चुका बघायच्या, खुणा करायच्या, मग पक्की प्रत चांगल्या कागदावर. हे लक्षात असू द्या.

सुमतीबाई दुकानात आल्या त्या कापडी पिशवीत हस्तलिखित घेऊन. आखीव फुलस्केप, निळी शाई, एकाच बाजूनं लिहिलेलं. जुन्या मराठी कथांवरचं पुस्तक होतं — बारा कथा, बारा प्रकरणं. या कथांमधली माणसं कुठल्या तरी वळणावर वास्तवातून सुटतात. घरदार, माणसं, ऋतू सगळं तिथंच असतं, आणि हे मात्र आपल्याच एका जगात राहायला गेलेले. बाईंना एकच विचारायचं होतं: ही माणसं नेमक्या कुठल्या क्षणी सुटली? आणि त्या वेळी शेजारी उभं असलेलं माणूस काय करत होतं?

मला आधी काही कळायचं नाही. मी अक्षरं बघून बटणं दाबायचे. पण एकदा बाईंनी माझा प्रूफचा कागद समोर धरला. “यात सत्तावीस चुका आहेत,” त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. “पण एका ठिकाणी मी चुकले होते, आणि तिथं तू बरोबर टाइप केलंयस. म्हणजे तू वाचतेस. उद्यापासून दुपारी वर ये.”

काका एक ते चार शटर अर्धं खाली करून घरी झोपायला जायचे. मी डबा खाऊन बाईंकडे जायला लागले. त्या मला ऱ्हस्व-दीर्घ शिकवायच्या, दहावीचं पुस्तक घ्यायच्या, आणि शेवटी ज्या प्रकरणाचं टायपिंग चाललेलं असेल त्यातली कथा सांगायच्या. दगडाची भांडी विकणारी एक बाई गिऱ्हाईक नसताना भांड्यांशी भाव करत बसते. एक गवई आवाज गेल्यावर नुसते ओठ हलवत मैफल पूर्ण करतो. मला हसू यायचं. बाई हसायच्या नाहीत. म्हणायच्या, “थोडे थोडे आपण सगळेच सुटलेले असतो गं. तू इथं बसून मनानं भंडाऱ्यात असतेस की नाही? फक्त परत येता आलं पाहिजे.”

माझ्याशी पुण्यात असं कुणी बोललं नव्हतं. माझ्या ‘करून राहिली’ला त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझ्या आईची भाषा आहे, ती सांभाळ. ही दुसरी आहे, ती शीक. दोन्ही ठेव.”

आता सांगते. नाही — आधी मोतीबिंदूचं सांगायला हवं.

बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सातव्या प्रकरणाची चौदा पानं त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “मोजून घे.” मी म्हटलं, “असू द्या बाई.” त्या हसल्या. “महिनाभर मला वाचता येणार नाही. तोवर हे करून ठेव. मग तू वाचून दाखव.” याची दुसरी प्रत नव्हती. बाईंनी कधीच कशाची दुसरी प्रत काढली नाही — एकदा विचार करून लिहिलं की खोडायचं नाही, अशी त्यांची रीत होती.

त्या प्रकरणात एका नाकेदाराची कथा होती. गावाच्या वेशीवर जकातीचा नाका आहे. नवा रस्ता दुसरीकडून जातो, नाका बंद होतो, पण हा माणूस रोज तिथं जाऊन बसतो. आडवा बांबू सकाळी पाडतो, संध्याकाळी वर करतो. कुणी येत नाही. त्या कथेनं मला इतकं धरून ठेवलं की टाइप करायचं सोडून मी नुसती वाचायला लागले. सहा पानं वाचली. आणि चार मुलं दुकानात शिरली.

इंजिनियर झालेली मुलं होती. दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी सॉफ्टवेअर कंपनीत थेट मुलाखती होत्या, आणि चौघांना बायोडाटा हवे होते. तेव्हा तशी मुलं रोज यायची, पण चौघं एकदम आणि चौघंही घाईत असं क्वचित. मी हातातली चौदा पानं बाजूला ठेवली. कुठे ठेवली? प्रिंटरजवळ. खोक्यावर. उलटी — शाईची बाजू खाली, म्हणजे धूळ बसू नये.

तुम्हाला कळलंच असेल.

त्यांनी दहा वेळा मजकूर बदलला. आधी छंद लिहिला, मग छंद काढला. वडिलांचा हुद्दा आधी वर, मग खाली. दर वेळी कच्ची प्रत. मी खोक्यातून वरचा कागद घ्यायचे, प्रिंटरला लावायचे, त्यांना द्यायचे. ते त्यावर खुणा करायचे, एकमेकांना दाखवायचे, घडी करून खिशात घालायचे. दुकान बंद करताना मला पानं आठवली. खोक्यात बघितलं. तळाला कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे कागद होते, बस.

मुलांची नावं बायोडाट्यात होती, फाइलीत होती. पत्तेसुद्धा होते. मी शोधू शकले असते. एखाद्या रविवारी बसनं फिरून दारोदार गेले असते, तर निम्मी तरी पानं मिळाली असती. हे मी त्या वेळीच ओळखलं होतं. गेले नाही, कारण दार वाजवून काय सांगायचं? आणि त्यातला कुणी दुकानात येऊन काकांना बोलला असता तर? नोकरी गेली तर बिबवेवाडी, बिबवेवाडीतून गाव, आणि गावात माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलेलं होतं. दोन दिवस मी जेवले नाही. दादा म्हणाला, “काहून वो, जेवून नाही राहिली? गावची आठवण येते का?” मी म्हटलं, हो.

मग मी ते प्रकरण स्वतः लिहिलं.

तीन दुपारी. अर्धं शटर खाली, बाहेर रस्त्यावर कोणी नाही. पहिली सहा पानं मला जवळजवळ जशीच्या तशी आठवत होती. बाईंचं वाक्य कसं वळतं, कुठे थांबतं, ते बोटांत बसलं होतं. पण सातव्या पानापासून पुढे? नाकेदाराचं काय होतं? ती कथा कुठल्या जुन्या मासिकात आहे हे मला माहीत नव्हतं. विचारायचं कुणाला? मग मी त्याला एक सून दिली. ती सून रोज संध्याकाळी शेजाऱ्यांची बैलगाडी मागून घेते, पदर पुढे ओढून नाक्यावरून जाते. नाकेदार तिला अडवतो, कुठून आलात, काय माल आहे, विचारतो, वहीत मांडतो, बांबू वर करतो. आणि मग सुखानं घरी जेवायला येतो.

कथा अशी पुरी केली, आणि त्याखाली बाईंच्या नावानं, बाईंच्या भाषेत विवेचनही लिहिलं. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘ती त्याला शहाणं करायला जात नाही, ती रोज त्याच्या जगात एक फेरी मारून घरी येते.’

मला ते लिहिताना भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटतं ना? मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. पण खरं सांगू — मजा आली. नववी नापास बाई मी. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनातून निघून कागदावर उभं राहत होतं.

महिन्यानं मी बाईंना प्रकरण वाचून दाखवलं. त्या काळा चष्मा लावून खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. बैलगाडीपाशी आले तेव्हा त्यांनी मान थोडी वळवली. त्या वाक्याशी म्हणाल्या, “थांब. परत वाच.” मी परत वाचलं. त्या म्हणाल्या, “हे मी लिहिलंय?”

“हो, बाई.”

“बरं जमलंय. सगळ्या पुस्तकात हे वाक्य बरं जमलंय.”

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला तो घाबरून नव्हे. कौतुकानं. मी ते गिळून टाकलं आणि पुढे वाचायला लागले.

“मूळ पानं कुठायत?” त्यांनी शेवटी विचारलं. “मला ही गाडी आठवत नाही. आणि ते मासिकही मी केव्हाच परत केलंय.”

अजून वेळ होता. एवढंच म्हणायचं होतं, बाई, पानं हरवली. पण मी म्हटलं, “मी तुम्हाला परत दिली ना, बाई. ऑपरेशनच्या आधी. तुम्ही कपाटात ठेवली.”

असं घडायला वेळ लागत नाही. एक श्वास लागतो.

त्यांनी कपाट रिकामं केलं. मी मदत केली — हो, मीही त्यांच्यासोबत शोधलं, गादीखाली, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात. नंतर त्या दुकानातही येऊन गेल्या. काकांनी पाटीकडे बोट दाखवलं. “बाई, आपणच मराठी शिकवत होतात ना? मग वाचा की.” मी संगणकाच्या मागे होते. दिसत नव्हते.

इथंही सगळं थांबलं असतं. पण बाई महिन्याच्या एका शनिवारी एका अभ्यासमंडळात जायच्या. आठ-दहा निवृत्त शिक्षक, कुणाच्या तरी दिवाणखान्यात सतरंजी टाकून बसायचे, कुणीतरी काहीतरी वाचायचं. बाईंनी सातवं प्रकरण वाचायचं ठरवलं. डोळे अजून नीट नव्हते म्हणून मला सोबत नेलं. मी वाचलं. सगळ्यांनी मान डोलावली. शेवटी एक जोशीसर म्हणून होते — कधीतरी कॉलेजात शिकवलेले, गुडघे धरून भिंतीला टेकून बसलेले — ते म्हणाले, “सुमतीबाई, विवेचन उत्तम. एक शंका. कथेत बैलगाडी नाही.”

बाई म्हणाल्या, “नाही कशी? शेवटी सून—”

“बैलगाडी नाही. बैल नाही. आणि सून तर असूच शकत नाही, माणूस बिनलग्नाचा आहे.”

सगळे हसले. वाईट नव्हतं ते हसणं, जुनी ओळख होती त्यांची. बाईही थोड्या हसल्या. पण सरांनी पिशवीतून ते जुनं मासिक काढलं. बाईंचं ऐकायच्या आधी मूळ कथा पुन्हा वाचावी म्हणून त्यांनी ते शोधून आणलं होतं. त्यांनी शेवटचं पान वाचलं. त्या कथेत शेवटी नाकेदार स्वतःच बांबूच्या पलीकडे जाऊन उभा राहतो, आणि स्वतःलाच विचारतो: कुठून आलात? कुठे निघालात? त्याला उत्तर येत नाही. कथा संपते.

बाईंचा हात सतरंजीवर काहीतरी चाचपत होता. मग त्या माझ्याकडे वळल्या. “रेखा, तू टाइप केलंस. त्या पानांवर गाडी होती ना गं?”

हे मला सांगायचं होतं. बाकी सगळं, पानं, खोकं, तीन दुपारी — ते मी स्वतःला माफ करू शकले असते कदाचित. हे नाही. दहा माणसं माझ्याकडे बघत होती. एका शब्दाचं काम होतं. आणि मी अगदी स्वच्छ, बाईंनीच शिकवलेल्या मराठीत म्हटलं, “होती, बाई. मी जसंच्या तसं टाइप केलं.”

त्या परत येताना माझा हात धरून चालल्या. आधी कधी धरत नव्हत्या. जिना चढताना म्हणाल्या, “म्हणजे मी माझ्याच पुस्तकात राहायला गेले म्हणायचं.” वाटलं, विनोद करतायत. तो विनोद नव्हता.

त्यानंतर जे झालं ते मी जवळून बघितलं. त्यांनी पुस्तक गुंडाळून ठेवलं. दुपारी दोन-तीन मुली शिकायला यायच्या, त्यांचं येणं बंद केलं — “मी चुकीचं शिकवलं तर?” स्वयंपाकघरात चिठ्ठ्या चिकटल्या. गॅस बंद. दूध घेतलं. किल्ली खिळ्याला. त्यांना काही विसरायला होत नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण त्या दर गोष्ट दोनदा विचारायला लागल्या, आणि एखादी गोष्ट दोनदा विचारणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे लोक कसं बघतात, तुम्हाला माहीत आहे. त्यांचा पुतण्या सॉफ्टवेअर कंपनीत होता, चांगला मुलगा. तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे, पण एकट्या ठेवू नका. पुतण्यानं लोणी काळभोरला नव्या सोसायटीत घर घेतलं होतं. “आत्या, आता तिकडेच चल,” तो म्हणायला लागला. त्या आधी कितीतरी वर्षं नाही म्हणत आल्या होत्या. आता त्यांनी मला विचारलं, “जाऊ का गं? तुला काय वाटतं? मला हल्ली माझं खरं वाटत नाही.”

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “काळजी घ्यायला माणूस असलं की बरं असतं, बाई.”

थांबा. अजून एक आहे. एवढ्यावर सोडलं तर मी पुन्हा खोटं बोलले असं होईल.

त्या जायच्या आठवड्यात त्या चार मुलांतला एक दुकानात आला. नोकरी लागली होती, आता दुसऱ्या कंपनीत अर्ज करायचा होता. “जुनंच आहे, फक्त अनुभव घाला,” म्हणत त्यानं खिशातून घडी काढली. कच्ची प्रत. त्याच्या लाल पेनच्या खुणा. मी उलटून पाहिलं. निळी शाई. वरच्या कोपऱ्यात बाईंचा आकडा, नऊ.

मी त्याला म्हटलं, “हे माझ्याकडे राहू द्या.” तो म्हणाला, “ठेवा की, मला काय करायचंय.”

त्या पानावर नाकेदाराचा शेवट होता. तोच, जोशीसरांनी वाचलेला. गाडी नाही, सून नाही. आणि खाली बाईंनी लिहिलं होतं: ‘या माणसाला इथवर कुणी आणून सोडलेलं नाही. तो आपल्या पायांनी आला, म्हणून त्याला परत नेणं कुणाच्या हाती नाही. पण ज्याला दुसऱ्या कुणी या वाटेला लावलं, त्याच्या बाबतीत मात्र’ — आणि पान संपलं. दहावं पान कुणाच्या खिशात गेलं, देवाला माहीत.

मी पर्समध्ये ते पान घालून दुपारी बाईंकडे गेले. या वेळी सांगायचंच म्हणून गेले. सगळा जिना मी मनात वाक्य जुळवत चढले. दार उघडंच होतं. सामान बांधलेलं. बाई टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या, माझी चाहूल लागताच म्हणाल्या, “आलीस? बरं झालं. हे घे, शाई वाळू दे जरा.”

ते शिफारसपत्र होतं. मी एका मोठ्या कंपनीत मराठी मजकुराच्या कामासाठी अर्ज करणार होते, त्यांनीच सुचवलं होतं. जसाच्या तसा उतरवते. एक अक्षर बदलत नाही. मी वाचलं. बाई म्हणाल्या, “नुसतं कौतुक म्हणून नाही लिहिलेलं. तू एवढी चोख होतीस म्हणून तर मला माझं काय होतंय ते कळलं. तू जरा चुकणारी असतीस, तर मी सगळं तुझ्यावर ढकललं असतं, आणि स्वतःला शहाणी समजत बसले असते.”

पर्समध्ये नववं पान होतं. मी पत्राची घडी घातली, आणि त्याच कप्प्यात, त्या पानाला लावून ठेवली. आणि बाईंच्या पाया पडले.

नोकरी लागली. पहिल्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून मी रडले, तर शेजारची मुलगी म्हणाली, “होतं असं पहिल्या दिवशी.” त्या कंपनीत मी आजही आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर तपासते. चूक लगेच दिसते मला. लोक म्हणतात, नजर चांगली आहे.

भीती होती, वय कमी होतं, गाव लांब होतं — हे सगळं खरं आहे, आणि यातल्या कशानंही मी केलं ते कमी होत नाही. मला नाकेदाराला सून द्यायला सुचलं. बाईंना मात्र मी त्या बांबूच्या पलीकडे नेऊन उभं केलं आणि गाडी घेऊन घरी आले.

बाई आहेत. लोणी काळभोरला, पुतण्याकडे. वय झालंय. दिवाळीला मी फोन करते, तर पुतण्या आधी सांगतो, “आत्या, रेखाताई आहे, टायपिंगवाली,” आणि त्या म्हणतात, “मला आठवतंय रे. की नाही आठवत? रेखा, मला आठवतंय ना गं?” दर वर्षी हाच प्रश्न.

पान माझ्याकडे आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी त्यांनी दिलेल्या शब्दकोशात ठेवलंय. एका बाजूला लाल पेनच्या खुणा असलेला कुणाचा तरी बायोडाटा, दुसऱ्या बाजूला निळी शाई. तुमच्याकडून मला काही नको, माफीही नको, ती तुम्ही द्यायची नाही. एक दिवस मी ते घेऊन लोणी काळभोरच्या बसमध्ये बसेन. सरळ बाईंच्या खोलीत जाईन, पुतण्याला तिथंच थांबायला सांगेन, म्हणजे ऐकणारं दुसरंही माणूस असेल. आणि त्यांना नववं पान वाचून दाखवीन — एक अक्षर न बदलता. तुम्ही लिहिलं होतं तसं, बाई. त्यात गाडी नव्हती.